कचरापेटीतला तिसावा दिवस

जेवणानंतर ऑफिसच्या टेबलावर डोकं टेकायची विजयाताईंची जुनी खोड. आज मात्र धड डोळा लागत नाही, धड जाग राहत नाही. समोर कॉम्प्युटरवर कचरापेटी उघडी आहे. तीत कारखान्याच्या बॉयलरवरच्या भूपाल मगदूमची एकच मेल, न वाचलेली, म्हणून ठळक अक्षरांत. विषय: सेफ्टी व्हॉल्व्ह.

ताईंनी ती काढून टाकली आणि दुसऱ्या दिवशी बॉयलर फुटून भूपाल गेला. मालक म्हणतात, तो ड्यूटीवर झोपला होता. चौकशीवाले उद्या येणार आहेत. आणि कचरापेटी तीस दिवसांनी आपोआप रिकामी होते. आज तिसावा दिवस. आपण होऊन काही पुसायचं नाही, असं ताईंनी ठरवलंय. आपोआप गेलं तर त्या तरी काय करणार? मनाची समजूत घालण्यात बाई पहिल्यापासून हुशार.

"ताई, जाग्या हाईसा न्हवं?"

समोरच्या खुर्चीत भूपाल बसलाय. खाकी सदऱ्यातून वाफ निघतेय.

"बसा मामा," ताई बसलेल्यालाच म्हणतात.

"मालक म्हनले, तोंडी सांगू नका, ताईंना मेल करा. पन्नाशीत टायपिंग शिकलो. वाचलासा न्हवं?"

"रोज तुमची एक तक्रार. आली की काढून टाकायचे मी."

"न वाचता?"

ताईंच्या हाताखालचं टेबल तापलंय. टेबल कसलं, बॉयलरचा पत्रा आहे. कॉम्प्युटरच्या जागी दाबाचा काटा, सरकत सरकत तीसकडे निघालेला. दार कुठेच नाही. ताईंना भयंकर भीती वाटते.

"आता वाचा," भूपाल म्हणतो.

त्या वाचतात. 'दाब वाढला तरी व्हॉल्व्ह उडत नाही. उद्या बॉयलर पेटवू का नको? कळवा.'

"लई वाट बघितली, ताई. उत्तर आलं न्हाई. मग पेटवला."

"मामा, मला माहीत नव्हतं हो!"

"मग आता कळवा की."

काटा तीसवर टेकतो. ताई टाइप करतात.

शिपायाने चहाचा कप आपटला तशा त्या दचकून उठतात. उजेड तसाच, पंखा तसाच. कचरापेटी रिकामी आहे. सुटले बाई, असं त्यांच्या मनात येतं आणि त्याची त्यांनाच लाज वाटते.

मग पाठवलेल्या मेल दिसतात. सगळ्यात वर, आत्ताचीच, दोन पन्नासची, भूपालच्या पत्त्यावर: 'नका पेटवू.' खाली त्याची अख्खी मेल, तारखेसकट.

आणि ती मेल जिथे वाजली असेल, तो भूपालचा फोन पोलिसांनी परवाच त्याच्या बायकोला परत दिलाय.