रिव्हर्सची ड्युटी: धायरी ते कोल्हापूर, विजेवर

वन्संच्या पंचाहत्तरीचं बोलावणं आलं तेव्हा मी लगेच हो म्हणाले आणि अहोंनी लगेच नाही. वन्सं म्हणजे अहोंचीच सख्खी थोरली बहीण, कोल्हापूरला मंगळवार पेठेत राहतात. तरी हे म्हणाले, "तू जाऊन ये. गाडी हुशार आहे तुझी. माझं काय काम तिथे?"

हे 'काय काम' कळायला थोडा इतिहास सांगावा लागेल. अकरा वर्षांपूर्वी अहोंना काचबिंदू निघाला आणि डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला लावलं. तोवर स्टिअरिंग त्यांचं आणि शेजारची सीट माझी होती. मग मी शाळेतली नोकरी सांभाळत पन्नाशीत गाडी शिकले. अहो शेजारच्या सीटवर आले आणि त्यांनी स्वतःकडे एकच काम ठेवलं. गाडी मागे घ्यायची वेळ आली की उतरायचं, मागे जाऊन उभं राहायचं आणि "येऊ दे, येऊ दे" करत ती लावून द्यायची. शेवटी डिकीवर एक जोरदार थाप आणि "बास". आमच्या घरात याला रिव्हर्सची ड्युटी म्हणतात. कंपनीत पस्तीस वर्षं मेंटेनन्स सांभाळलेला माणूस ही ड्युटीसुद्धा शिफ्ट असल्यासारखी करायचा.

गेल्या तीन वर्षांत मात्र माझा हात बिघडला. आधी मागचा दिवा फुटला, मग बंपर गेला, मग सोसायटीच्या खांबाने गाडीची बाजू सोलून काढली. अहो मोठ्या मनाने म्हणायचे, "वय झालं, होतं असं." आमची मुलगी मुग्धा हिंजवडीत आयटीत आहे. ती म्हणाली, "आई, दिस इज नॉट सेफ. एकतर कॅबने फिरा, नाहीतर स्वतः पार्क होणारी ईव्ही घे." कॅबच्या ड्रायव्हरला रोज ओटीपी सांगत फिरण्यापेक्षा मी प्रॉव्हिडंट फंडाला हात घातला.

ईव्ही परवडते का, असं मला निदान पंधरा जणांनी विचारलंय, म्हणून इथेच सांगून टाकते. शोरूममधला मुलगा म्हणाला, "मॅडम, पर किलोमीटर एक-दीड रुपया." हे खरं आहे. घरी चार्ज केलं तर तेवढाच पडतो. पण घरी चार्ज करायला सोसायटीची परवानगी लागते, ती चार महिन्यांनी मिळाली. चेअरमनना वाटत होतं, माझी गाडी लागली की लिफ्ट बंद पडेल. मीटरपासून पार्किंगपर्यंतच्या केबलचे अडतीस हजार. विमा जुन्या गाडीपेक्षा जास्त. आणि स्वतः पार्क होण्याचं बटण फक्त टॉप मॉडेलमध्ये, त्याचे वरती पावणेदोन लाख. एवढं सगळं दिल्यानंतर मग दीड रुपया.

तर गाडी आली आणि अहोंची नोकरी गेली. पहिल्याच दिवशी ते सवयीने उतरून मागे उभे राहिले. मी बटण दाबलं. गाडीला मागे माणूस दिसला, ती जागीच थांबली आणि किंचाळायला लागली. अहो म्हणाले, "येऊ दे." गाडी येईना. असं चार वेळा झाल्यावर मी काच खाली करून म्हणाले, "अहो, तुम्ही जरा बाजूला व्हाल का?" ते बाजूला झाले ते थेट लिफ्टने वर गेले. त्यानंतर तीन महिने ते माझ्याबरोबर गाडीतून कुठेही आले नाहीत. दळण आणायला चालत जायचे. मला फार वाईट वाटत होतं आणि बटणाचे पावणेदोन लाखही आठवत होते. म्हणून कोल्हापूरला त्यांना नेणं हा माझ्यासाठी पंचाहत्तरीपेक्षा मोठा कार्यक्रम होता. शेवटी वन्संनीच फोन केला. "येतोस, का मी येऊ न्यायला?" मग आले.

शनिवारी सकाळी दहाला धायरीतून निघालो. बॅटरी शंभर टक्के, म्हणजे घरच्या विजेचे साधारण चारशे रुपये. कंपनी म्हणते साडेचारशे किलोमीटर जाते. कंपनी बहुधा उतारावर राहते. ऐंशी-नव्वदच्या वेगाने तीनशे धरून चाला. टोलमाफीचं बरंच ऐकलं होतं, पण ती या रस्त्याला नाही, हे खेड शिवापूरला फास्टॅगच्या मेसेजने कळवलं. खंबाटकी घाट चढताना टक्के भराभर उतरतात. पलीकडे उतरताना दोन टक्के परत मिळतात, तेव्हा उगाच काहीतरी कमावल्यासारखं वाटतं. मी तसं म्हणालेही. अहो म्हणाले, "घाट चढायला सात घेतले, त्यातले दोन परत दिले. बँकवाले असेच असतात." तीन महिन्यांनी ते माझ्याशी विनोदाने बोलत होते.

कराडला एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगला थांबलो. एकोणपन्नासवरून पंच्याऐंशी टक्के, पस्तीस मिनिटं, तीनशे नव्वद रुपये. मिसळ बरी, चहा उत्तम, स्वच्छतागृह स्वच्छ. ते महत्त्वाचं, कारण पस्तीस मिनिटं तुम्ही तिथेच असता. उसाचा ट्रॅक्टर बाजूला लावून आलेले एक गृहस्थ गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"किती घेती ओ ही?"

"अडीच-तीनशे किलोमीटर जाते," मी म्हणाले.

"जाती किती न्हाई, पैसं किती घेती?"

मी किंमत सांगितली. त्यांनी गाडीभोवती आणखी एक फेरी मारली.

"आणि आवाज करती का?"

"नाही. अजिबात नाही."

"मग मानसाला कळायचं कसं, गाडी आली म्हणून?"

मी हसले. अहो हसले नाहीत. ते चहाचा कप हातात धरून बसून होते.

चारच्या सुमाराला मंगळवार पेठेत पोचलो. कोल्हापुरात गाडी चालवायला काही अडचण नाही, फक्त गाडी ठेवायला जागा नाही. वन्संच्या बोळात एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला मोटारसायकली आणि शेवटी भिंत. मी बटण दाबलं. स्क्रीनवर आलं, योग्य जागा आढळली नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. जमिनीवर पांढरे पट्टे असले किंवा दोन गाड्यांमध्ये पुरेशी फट असली, तरच तिला त्या जागेला जागा म्हणता येतं. समोरच्या घरातल्या बाई दारात येऊन म्हणाल्या, "लावा की वैनी बिनधास्त, कोन काय म्हणत न्हाई." वैनींना हे कळत होतं, गाडीला कोण सांगणार?

अहोंनी सीटबेल्ट काढला. तीन महिन्यांत मी त्यांचा चेहरा असा उजळलेला पाहिला नव्हता. "बटण ठेव बाजूला," ते म्हणाले आणि उतरले. आधी बोळाच्या टोकापर्यंत जाऊन पावलं मोजून आले. मग मागे गेले. "हं, येऊ दे."

मी हळूहळू मागे घ्यायला लागले. जुन्या गाडीत मला मागचे अहो कधी दिसायचे नाहीत. फार तर आरशात एक हात दिसायचा, बाकी सगळा आवाज. या गाडीला चार कॅमेरे. स्क्रीनवर अहो पूर्ण दिसत होते, डोक्यापासून चपलांपर्यंत.

ते गाडीकडे पाहतच नव्हते. एक हात मागे नेऊन त्यांनी भिंत धरली होती. उजव्या पायाने गटाराची कड चाचपत होते. दुसरा हात पुढे हवेत होता, बोटं पसरलेली, काहीतरी शोधत असलेली. मान थोडी कलती, कान गाडीकडे. गाडीला त्यांची चाहूल लागली, ती आपली आपण थांबली. त्यांच्यापासून हातभर लांब.

"येऊ दे," ते म्हणाले. "येऊ दे, येऊ दे."

गाडी उभी होती आणि ते तिला बोलावत होते.

"अहो," मी काचेतून म्हणाले, "गाडी थांबलीये."

"थांबली?" ते म्हणाले. "कधी?"

पंचाहत्तरी छान झाली. औक्षणाला पंचाहत्तर दिवे होते, तांबडा रस्सा होता, आणि ज्यांना तो चालत नाही त्यांच्यासाठी पांढरा. ज्यांना दोन्ही चालत नाहीत अशा माझ्यासारख्यांसाठी पुरणपोळी होती. मी तिथे सगळ्यांशी काय बोलले ते मला आठवत नाही. अहोंकडे बघत होते. त्यांच्यासमोर ताट ठेवलं की ते आधी ताटाची कड बोटाने धरतात. घरीही धरत असणार. मी पाहिलंच नव्हतं. पेपर वाचायचा सोडून ते मोबाईलवर बातम्या ऐकायला लागले, तेव्हा मी ते आधुनिक झाले म्हणून कौतुक केलं होतं. डोळ्यांच्या तपासणीला ते एकटेच जायचे आणि येऊन सांगायचे, "आहे तसंच आहे."

रविवारी परतताना साताऱ्याला चार्जिंग. वीसवरून ऐंशी टक्के, साडेसहाशे रुपये, पाऊण तास. कंदी पेढे शेजारच्याच दुकानात. चार्जिंगचा एक फायदा माहितीपत्रकात छापत नाहीत, तो म्हणजे पाऊण तास दोघांपैकी कोणालाच कुठे निघून जाता येत नाही.

"किती दिसतं?" मी विचारलं.

"दिसतं की."

"समोरच्या बोर्डावर काय लिहिलंय?"

"चार्जिंग स्टेशनवर दुसरं काय लिहिणार? चार्जिंग."

"तो पेढ्यांचा बोर्ड आहे."

त्यांनी बोर्डाकडून मान फिरवली. मग म्हणाले, "डावा गेलाच आहे. उजव्याने मधलं मधलं दिसतं, पाइपातून बघितल्यासारखं. उन्हात बरं. सावलीत नाही."

"कधीपासून?"

"जुन्या गाडीचा मागचा दिवा फुटला, त्याच्या जरा आधीपासून."

मला त्या क्षणी रडू यायला हवं होतं. आला तो राग. तीन वर्षं मी स्वतःला नालायक समजत होते. आरशासमोर उभी राहून मान वळवायचे व्यायाम केले, ड्रायव्हिंग स्कूलच्या पोराकडून पुन्हा धडे घेतले, आणि शेवटी पावणेदोन लाखांचं बटण घेतलं. आणि हा माणूस मला म्हणत होता, वय झालं. तसं मी बोलूनही दाखवलं.

"वय झालं म्हणालो, कोणाचं ते कुठे म्हणालो?" अहो म्हणाले.

"आणि उभे कुठे राहायचात?"

"भिंतीपाशी. भिंत पाठीला लागली की आपण कुठे आहोत ते कळतं. पुढचं इंजिनाच्या आवाजावरून. गाडी हाताला लागली की थाप मारायची आणि बास म्हणायचं."

म्हणजे ती थाप ऐट नव्हती. भिंत आणि गाडी यांच्या मध्ये माझा नवरा उभा राहायचा आणि गाडी अंगाला लागली की मला सांगायचा. तीन वर्षं.

"आणि मी ब्रेक मारला नसता तर?"

"तू मारतेस," ते म्हणाले.

मी बाहेर जाऊन पेढे घेतले. अर्धा किलो सांगायचे ते दोन किलो घेतले. परत आले तेव्हा ते म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही दोघींनी गाडीच विकली असती. नाहीतर मला नुसतं सामानासारखं शेजारी ठेवून नेलं असतं." खरंच आम्ही तसंच केलं असतं. डॉक्टरांची सोमवारची वेळ मी तिथूनच घेतली. दोघांनी जायचं आणि आत मीही बसणार, हे सांगून टाकलं. राहिलंय तेवढं टिकवायचं, बाकी काही परत येत नाही, हे मलाही माहीत आहे. खूप भीती वाटते.

आता हिशेब, कारण तो विचारला जाणारच. जाऊन-येऊन चारशे ऐंशी किलोमीटर, वीज चौदाशे चाळीस रुपये. जुन्या गाडीला पेट्रोल चौतीसशेचं लागलं असतं. फेरीमागे जवळपास दोन हजार वाचले. म्हणजे नुसत्या त्या बटणाचे पैसे वसूल व्हायला एकूण नव्वद वेळा कोल्हापूरला जावं लागेल. वन्संना अजून सांगितलेलं नाही.

संध्याकाळी पाचला धायरीत पोचलो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये पांढरे पट्टे आहेत, गाडीने लगेच जागा ओळखली आणि स्क्रीनवर बटण हिरवं झालं. अहोंचा हात दाराकडे गेला, मग मांडीवर परत आला. ते समोर बघत बसले.

"उतरू नका," मी म्हणाले. "इथून सांगा."

"इथून काय सांगू? मला काय दिसतंय?"

"मी फूट वाचते. कधी थांबायचं ते तुम्ही सांगा."

मी बटणाला हात लावला नाही. गिअर मागे टाकला आणि स्क्रीनवरचा आकडा मोठ्याने वाचला. "सहा."

त्यांनी मान थोडी कलती केली. "येऊ दे."

"चार."

"येऊ दे."

"दोन."

"येऊ दे, येऊ दे."

"एक."

"बास," अहो म्हणाले.

मी ब्रेक दाबला. त्याच्या आधीच गाडीने तो आपला आपण दाबला होता. ते मी त्यांना सांगितलं नाही.