पाहुणीनं काम करायचं नसतं

त्या साहेबानं हसत विचारलं, याचाच मला अजून राग येतो. दरडावून विचारलं असतं तर मी सावध तरी झाले असते.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी आमच्या शहरातल्या कोठी भागात एका छोट्या ऑफिसात अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकून पेशंटचे रिपोर्ट टाइप करायची. माझी ताई तिकडेच, दिवस भरत आलेली. आधी दोनदा गर्भ गेलेला, आई नाही, भाऊजी कामापायी सतत बाहेरगावी. "तू ये गं, नाहीतर भीतीनंच मरेन मी," ती फोनवर रडली. मालकांनी रजा दिली नाही. ऑफिसातला एकुलता एक लॅपटॉप तेवढा हातात दिला. "उधर से भेज देव जी, कुछ नै होता." झालं! व्हिजिटर व्हिसावर हे चालतं का, आमच्या काचीगुडा मोहल्ल्यात विचारणार कुणाला? पगार कोठीत, मालक कोठीतला, डॉक्टर तेवढे अमेरिकेतले. मग माझं काम नेमकं कुठल्या देशात होणार होतं, सांगा बरं!

निघताना बाबा म्हणाले, "साहेबापुढं ताठ मानेनं बोल. रिकामटेकडे नाही आपण, काम सोबत आणलंय म्हणावं." उभा जन्म सरकारी कचेरीत गेलेला माणूस. कामसू माणसावर साहेब खूश होतो, एवढंच त्यांना ठाऊक.

तिकडच्या विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबानं विचारलं, "इतके दिवस इथं राहणार, मग तुमचं काम कोण बघणार?"

"मीच. इथूनच करणार," मी ताठ मानेनं सांगितलं.

त्याचं हसू गेलं. पाहुण्यानं इथं काम करायचं नाही, पगार कुठला का असेना, म्हणाला. मी ताईचं सांगितलं, हात जोडले, रडले. काही उपयोग झाला नाही. डिंकाच्या लाडवांच्या डब्यासकट मला परतीच्या विमानात बसवलं.

घरी बाबांनी दारातच विचारलं, "अगं, पण खरं बोललीस ना?"

माझं डोकंच फिरलं. "खरंच बोलले! म्हणून तर परत आले!" त्या दिवशी आम्ही दोघंही जेवलो नाही.

थोड्याच दिवसांत ताईचा फोन आला. मुलगी झाली होती, धडधाकट. मला रडूच फुटलं. ती मात्र कोरडेपणानं म्हणाली, "हाक मारायलाही कुणी नव्हतं गं. असं काय बोललीस तू त्यांना?"

बाबा शेजारीच होते, रिसीव्हरला कान लावून.

"काही नाही गं," मी म्हणाले, "माझंच तोंड गप्प बसलं नाही."

फोन घ्यायला पुढं केलेला हात बाबांनी मागं घेतला.