नवऱ्याच्या नावावर सनई

हिंजवडीच्या कंपन्यांच्या बसेस सकाळी पेठेच्या तोंडाशी उभ्या राहायला लागल्या, त्या काळातली ही गोष्ट. सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत मी कॉम्प्युटरवर आवाज आणि संगीत एकत्र करून द्यायची. फुकट मिळालेलं साधं सॉफ्टवेअर, एक हेडफोन, एक माइक, बास. शाळांच्या गॅदरिंगचे नाच असायचे, एकांकिकांचं पार्श्वसंगीत असायचं, पण खरी गर्दी मंगलाष्टकांची. घरच्याच कोणीतरी रचलेली, घरच्याच कोणीतरी गायलेली. खाली तंबोरा आणि सनई घालायची, सीडी करून द्यायची. स्वभाव माझा मुळातच संशयी, आणि दिवसभर आवाजातले जोड ऐकून तो आणखी वाढलेला.

एका शनिवारी एक मुलगी आली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात दोन जुन्या कॅसेट.

"काकू, ही माझ्या बाबांनी गायलेली मंगलाष्टकं. आत्याच्या लग्नातली. आत्याच्या नावाच्या जागी माझं नाव बसवून द्याल?"

"मग बाबांनाच घेऊन या की. पुन्हा गातील."

"त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालंय. आवाज गेलाय."

अरेरे म्हटलं आणि कॅसेट लावली. पहिल्याच ओळीला माझे कान टवकारले. हा आवाज ओळखत नाही असं माणूस आमच्या पेठेत सापडायचं नाही. ओळखीतलं कुठलंही लग्न असो, हे गृहस्थ अंतरपाटाशेजारी उभे. आणि मागच्याच आठवड्यात औषधांच्या दुकानात मधे घुसणाऱ्या एकाला त्यांनी असं काही झापलं होतं, की तो बिचारा औषध न घेताच गेला.

"मुली," मी म्हटलं, "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?"

ती लालबुंद झाली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, नागपूरकडचा, बौद्ध घरातला. बाबा म्हणाले होते, कर लग्न, मी येणार नाही, आणि ह्या घरात त्याचं नाव निघता कामा नये.

"नोंदणी होईल, मग बुद्धवंदना होईल," ती म्हणाली. "त्यानंतर मला फक्त बाबांचा आवाज हवाय. ते नसले तरी."

"त्यांना न विचारता? ही चक्क फसवणूक झाली. मला नाही जमायचं."

तरी कॅसेट टेबलावर ठेवून ती गेली. आणि नाही म्हणणारी मी दुसऱ्या दिवशी बसलेच. नुसतं होतंय का बघू म्हणून! दुसऱ्या कॅसेटवर ती लहान असताना बाबा तिला हाक मारत होते. ते नाव उचललं. पण ते बोललेलं, गायलेल्या ओळीत बसेना. सूर चढवला की आवाज चिरका व्हायचा. आणि आत्याच्या यजमानांचं नाव काढलं, तर त्या जागी मुलाचं नाव आणायचं कुठून? तिथे मी सरळ सनई मोठी केली.

दोन दिवसांनी बेल वाजली. दारात तेच गृहस्थ.

"माझ्या कपाटातल्या दोन कॅसेट नाहीशा झाल्यात. पेठेत असले उद्योग करणाऱ्या आपण एकट्याच. ऐकवा."

आता हे भांडणार, नाहीतर सगळं पुसायला लावणार. मी माऊस हातातून सोडला नाही. त्यांनी हेडफोन लावला, ऐकलं, म्हणाले, "पुन्हा." पुन्हा ऐकलं.

"मी असा चिरकत नाही. आणि इथे नवऱ्याच्या नावावर ही सनई कशाला फुंकलीत?"

"ते नाव आपल्या आवाजात कुठेच नव्हतं."

"मंगलाष्टकाला दोन नावं लागतात, बाई. एकट्या मुलीचं लग्न लागतं का?"

"म्हणजे आपल्याला हे लग्न मान्य आहे?"

"असं मी म्हणालो? मी जाणार नाही. पण माझ्या आवाजात बेसूर वाजलेलं खपवून घेणार नाही. पंखा बंद करा."

मला तेव्हाही भरवसा नव्हता. मधेच काहीतरी वाकडं गातील आणि भर मांडवात पोरीची शोभा होईल, असंच वाटत होतं. ते डोळे मिटून गायला लागले. मुलीचं नाव सहज आलं. मुलाच्या नावापाशी थांबले. खाकरले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडले. मग गायले. पूर्ण नाव, आडनावासकट. मी त्यांना ते सांगितलं नव्हतं. त्यांनी विचारलंही नव्हतं.

जाताना म्हणाले, "मी आलो होतो हे तिला सांगायचं नाही. तुम्हीच जोडलंत म्हणा." मी शब्द दिला.

मुलगी आली, हेडफोन लावून ऐकायला बसली. मधेच उभी राहिली.

"हे नाव बाबांनी आयुष्यात कधी घेतलेलं नाही. कोणाकडून म्हणवून घेतलंत, काकू? खरं सांगा."

आता ती माझ्याकडे संशयाने बघत होती. मला मनापासून राग आला, आणि तिची दयाही आली. सांगायची सोय नव्हती. गाणं संपलं की पुढचं सगळं कापून टाकायचं, हा माझा नेहमीचा रिवाज. ह्या वेळी मूळ रेकॉर्डिंगला मी हात लावला नव्हता. तंबोरा बंद केला, सनई बंद केली, आणि शेवटचा तो तुकडा तिला लावून दिला.

खुर्ची सरकल्याचा आवाज. खोकला. "झालं ना? करा बंद." मग खालच्या आवाजात, "तो मुलगा आला होता का हो इथे तिच्याबरोबर? कसा आहे? नीट सांभाळेल ना तिला?" त्यावर माझा फटकळ आवाज, "मला काय माहीत? आपल्या मुलीला विचारा की!"

मुलीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मग मला का नाही हो विचारलं त्यांनी?"