तोंडात टाचण्या

माझी थोरली बहीण पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवते, आणि हसते. दुसरं काम जरा जास्तच करते. ती हसायला लागली की मशीन थांबतं, गिऱ्हाईक थांबतं, खालच्या मजल्यावरचं भांडणसुद्धा थांबतं.

आजारपणात माझं गर्भाशय काढावं लागलं तेव्हा ताईच म्हणाली, "माझी पोरं मोठी झाली, पोटातली जागा रिकामीच आहे. तुझं बाळ ठेव माझ्याकडे. भाडं घेणार नाही." माझी बीजं ऑपरेशनच्या आधीच काढून ठेवली होती. त्यातून दोनच गर्भ तयार झाले, आणि पहिला ताईच्या पोटात रुजला नाही.

"ही हसली असणार," मावशीने निकाल दिला.

डॉक्टरीणबाईंनी मावशीला समोर बसवलं. "बीज कोणत्या वयातलं, गर्भ कसा वाढला, गर्भाशयाचं अस्तर नीट तयार आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. ताईंची आधीची बाळंतपणं सुखरूप झालीत, हीही जमेची बाजू. तरी सगळं चांगलं असूनही कधी रुजत नाही. पण हसण्याने गर्भ पडत नाही."

"पडत नाही म्हणाल्या," मावशी जिन्यात मला म्हणाली, "रुजतो असं कुठे म्हणाल्या?"

पालथ्या घड्यावर पाणी! पण ताईनेही ते मनाला लावून घेतलं, याचा मला खरा राग आला. दुसरा, शेवटचा गर्भ ठेवल्यावर ती दिवसभर ओठांत टाचण्या धरून बसायची, हसू येऊ नये म्हणून. गिऱ्हाइकं मला हळूच विचारायची, "घरात कोणी गेलं का हो?"

रक्ततपासणीच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले. मला बघून तिने टाचण्या काढल्या. "हाही गेला तर तुला तोंड कसं दाखवू गं?"

मला मूल हवं होतं, फार हवं होतं. पण त्यापायी ताई मुकी झालेली नको होती.

"टाचण्या ठेव त्या डबीत," मी म्हणाले. सोफ्याचं अर्धवट शिवलेलं कव्हर अंगात चढवलं, कमरेवर हात ठेवले आणि मावशीसारखी डुलत खोलीभर फिरले. "श्वास हळू घे गं बाई, गर्भाला वारा लागेल!"

वळले, तर दारात खरी मावशी.

ताई हसली. टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "अगं, आवर, आवर!" मावशी ओरडली, आणि मग तिलाच आवरेना.

लेक आता तीन महिन्यांची झाली. हसल्यामुळेच रुजलं, असं मावशी भेटेल त्याला सांगते. डॉक्टरीणबाईंनी तिच्यापुढे हात टेकलेत.

काल लेक रडून लालबुंद झाली होती. मी फिरवलं, थोपटलं, गाणं म्हटलं. काही केल्या ऐकेना. तेवढ्यात शेजारच्या खोलीत ताई कशाला तरी खो खो हसली. पोर एकदम गप्प झाली आणि डोळे मोठे करून ऐकू लागली. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? मग मी तिला खांद्यावर घेतलं आणि त्या हसण्याकडे घेऊन गेले.