क्लबहाउसपर्यंत सोबत

राउंड पुरा न करणारी बाई म्हणून कुमुदकाकू आमच्या क्लबात प्रसिद्ध होत्या. देवळाली कॅम्पाच्या पलीकडे आमचं गोल्फचं मैदान. चौघं मिळून अठरा होल खेळायला चार तास लागतात आणि चौघांतला एखादा गडी मधूनच गळतो. बाकीच्यांनी खुशाल पुढे खेळावं, असा रिवाज आहे. पण कुणी निघालं, की काकू आपला बॉल उचलून पिशवीत टाकायच्या आणि त्याच्याबरोबर क्लबहाउसपर्यंत चालत जायच्या. त्यांना कुणी बोलावलेलं नसे. बहुतेकांना ते नकोच असे.

मी या खेळात पडलो तो नव्वदच्या दशकात, आणि तोही धंद्यासाठी. अंबडला माझं लहानसं वर्कशॉप होतं आणि मोठी गिऱ्हाइकं गोल्फ खेळत. आम्हा नाशिककरांना गोल्फ क्लब म्हटलं की गावातलं मैदान आठवतं, जिथे क्रिकेट चालतं आणि सभा भरतात. तिथे गोल्फ खेळलेला कुणी मी तरी पाहिला नव्हता. त्यामुळे काठी कुठून धरायची इथपासून माझी तयारी. काकूंनी पहिल्याच दिवशी मला पुढे घातलं. "घाबरू नकोस. मी पंचवटीतल्या उपाध्यांची मुलगी. सोवळ्याओवळ्यातून सुटून इथवर आले. तुला काय अवघड आहे?" पांढरे कॅनव्हासचे बूट, सलवार-कमीज आणि अंबाड्यात एक फूल. खेळ त्यांना नवऱ्यानं शिकवला. ते लष्करात डॉक्टर होते. निवृत्तीनंतर दोघं कॅम्पातच राहिली. मी आलो तेव्हा डॉक्टर जाऊन काही वर्षं झाली होती.

मधूनच निघणाऱ्यांची कारणं काकूंना तोंडपाठ. कुणाचा पेजर वाजे. तो बाकी कुणाला ऐकू येत नसे. कुणाच्या कारखान्यात अचानक युनियनची मीटिंग निघे, तीही नेमकी तीन बॉल नाल्यात गेल्यावर. पण खास नाशिकचं कारण म्हणजे पाहुणे आलेत, त्यांना त्र्यंबकला न्यायचंय. काकू म्हणायच्या, "पोटाचं कारण खरं असतं, पाठीचं निम्मं, आणि पाहुण्यांचं कधीच नाही." पुढे मोबाइल आले आणि 'घरून बायकोचा फोन आला' हे कारण निघालं, तेव्हा म्हणाल्या, "आता तर बिचाऱ्या बायकांनाही गोवतात यात." कारण खोटं आहे हे पुरतं ठाऊक असूनही त्या निघायच्याच. वाटेत त्या माणसाच्या मुलाबाळांची चौकशी करायच्या, त्याला व्हरांड्यातल्या खुर्चीवर बसवायच्या, त्याचं पाणी पिऊन होईपर्यंत थांबायच्या. मला हे अति वाटायचं.

एका वर्षी क्लबाच्या स्पर्धेत काकू सगळ्यांच्या पुढे होत्या. शेवटचे चार होल उरले होते आणि कप त्यांचाच, असं आम्ही धरून चाललो होतो. स्पर्धेत मैदान सोडलं की माणूस बाद. आमच्यात सोनजे शेठ होते, प्लास्टिकच्या कारखान्याचे मालक आणि नाकावर राग. त्यांचा बॉल झुडपात गेला, काठी त्याच्यामागोमाग गेली आणि शेठ म्हणाले, "माझी पाठ धरली. तुमचं चालू द्या."

काकू बॉल उचलायला वाकल्या. मी त्यांचा हात धरला. "काकू, त्यांच्या पाठीला काहीही झालेलं नाही. रुसलेत ते."

"माहीत आहे रे."

"मग कप?"

"तो पुढच्या वर्षीही असेल," म्हणाल्या आणि चालू लागल्या.

तासाभरानं आम्ही परतलो तेव्हा सोनजे शेठ कांदाभजी खात होते. पाठ झकास होती. काकू शेजारी बसून त्यांच्या मुलीच्या स्थळांबद्दल ऐकत होत्या. मला इतका राग आला, की शेठ गाडीत बसून गेल्याबरोबर मी काकूंना जाब विचारला.

त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "डॉक्टर चौदाव्या होलवर म्हणाले, कुमुद, मी पुढे होतो, चहा सांगून ठेवतो. तू पुरं कर. मी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. माझा बॉल छान पडला होता. इथे आले तेव्हा ते याच खुर्चीत होते. समोर दोन कप भरलेले. आणि सुहास, आयुष्यात त्या दिवसाइतकं चांगलं मी कधी खेळले नव्हते. हेच टोचतं बघ. लोक म्हणाले, नवरा गेला आणि ही काठ्या फिरवत होती. लोकांचं सोड. खोटं काय होतं त्यात?"

तेव्हापासून काकू निघाल्या, की मीही गप्प राहायला शिकलो.

पुढे काकूंचं हृदय कुरकुरू लागलं. इस्पितळातल्या डॉक्टरांनी झेपेल तितकंच चाला असं सांगितलं होतं. एका सकाळी आम्ही दोघंच खेळत होतो. अर्ध्यात त्या थांबल्या. "मी निघते रे. दम लागतोय. तू पुरं कर."

मी पिशवी खांद्याला लावली.

"खाली ठेव ती."

"तुम्ही कधी कुणाला एकटं जाऊ दिलंत? मी कसा देऊ?"

"सांगते ना. खेळ."

मी बळेबळे एक टोला हाणला. काकू थोडं अंतर चालून गेल्या होत्या. त्या तिथेच थांबल्या, वळल्या आणि माझी वाट बघत उभ्या राहिल्या. मी धावतच गेलो. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा हसरा होता.

"मागून टोला ऐकू आला ना, की चालायला बरं वाटतं. आपल्यामुळे कुणाचं अडलं नाही असं वाटतं. डॉक्टरांनी माझे टोले ऐकले असतील, नाही का? चांगले लागत होते त्या दिवशी."

"ऐकले असतील, काकू."

"मग जा. मोठ्यानं मार."

मी खेळलो. प्रत्येक टोल्यानंतर क्लबहाउसकडे बघत होतो, तरी खेळलो. परत आलो तेव्हा काकू त्याच खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. मी पायरीशीच थांबलो. मग डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "किती वेळ? चहा निवला की."

त्यानंतर त्या फार दिवस खेळू शकल्या नाहीत. मुलानं त्यांना पुण्याला नेलं आणि तिथेच त्या गेल्या. पण पुण्याला जाण्याआधी एकदा आम्ही चौघं खेळलो. चौदाव्या होलवर सोनजे शेठनी घड्याळ बघितलं. "निघतो वहिनी. पाहुणे आलेत, त्र्यंबकला न्यायचंय."

आम्ही सगळे काकूंकडे बघू लागलो. त्यांनी मान वर केली नाही. बॉलसमोर पाय नीट रोवले.

"या," म्हणाल्या. "चहा सांगून ठेवा."

त्या दिवशी काकू अठराव्या होलपर्यंत खेळल्या. थांबत, बसत, वाईट खेळल्या, आणि ऊन चांगलंच चढलं. व्हरांड्यात आलो तर सोनजे शेठ घरी गेलेले नव्हते. टेबलावर चार कप होते, आणि ते एकेकावर बशी झाकत बसले होते.