खारवलेल्या फोडींवरचा दगड

काल बरणीतला दगड धुवायला घेतला, तर ओल्या मातीचा वास आला आणि मी तेव्हा मध्य प्रदेशात असलेल्या भिलाईजवळच्या नंदिनी नगरातल्या आमच्या क्वार्टरच्या ओट्यावर जाऊन बसले. लग्न नवंनवं होतं. हे खाणीत सर्व्हेच्या कामाला. एका संध्याकाळी त्यांनी हा दगड आणून माझ्या हातात दिला. भुरक्या वाळूचे थर आणि मधून काळपट चिखलाच्या लहरदार रेघा.

“इथं समुद्र होता,” हे म्हणाले. “भरतीचं पाणी धावे तवा वाळू पडे, पाणी थांबलं का चिखल बसे.”

“मध्य प्रदेशात समुद्र? मले येडी समजून राहिले का तुमी?”

ते आत गेल्यावर मी दगड चाटून पाहिला. खारट नव्हता. पुढे कधी ड्यूटी लांबली म्हणाले, तर तेही मी मनातल्या मनात चाटून पाहायची.

दगड मात्र वजनाला बरा होता, म्हणून दरवर्षी मिठातल्या कैरीच्या फोडींवर ठेवत आले. काल धुण्याआधी त्याला पुन्हा जीभ लावली. चांगला खारट लागला. पण हे माझं मीठ की त्यांचा समुद्र, ते सांगायला आता हे नाहीत.