खंडेनवमीचा डेमो

परवा नात ताथवड्याच्या कॉलेजातून आली आणि हातपाय न धुताच लॅपटॉप उघडून बसली. तिला वेब सर्व्हिसचा नवा प्रोजेक्ट उभा करायचा होता. इकडे टिचकी, तिकडे टिचकी, प्रोजेक्टला नाव दिलं आणि माझ्या चहाला उकळी यायच्या आत म्हणाली, "झाला सेटअप."

"एवढ्यात? मला यासाठी अख्खा श्रावण लागला होता."

तिला वाटलं, आजी थापा मारतेय. आजी मारतेच, पण ही थाप नव्हती.

तेव्हा आम्ही काळेवाडीत दोन खोल्यांत राहायचो. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात कंत्राटावर ऑपरेटर होते, म्हणजे दिवसभर मालाची चलनं कॉम्प्युटरवर टाइप करून गिऱ्हाईक कंपन्यांना पाठवायची. वय विचारू नका, मुलीचं लग्न उरकलं होतं एवढं सांगते. अशा वेळी बायका भजनी मंडळात नाव घालतात. या बाईनं चिंचवडला प्रोग्रॅमिंगच्या क्लासात घातलं! पोरं मला मावशी म्हणायची आणि परीक्षेला माझ्याच मागच्या बाकावर बसायला भांडायची. मावशी अशी फुगायची की विचारू नका.

आमच्या कॉम्प्युटर विभागाचे साहेब मला ताई म्हणत. माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी त्यांना फार आवडे. एकदा चटणी चाटत म्हणाले, "ताई, आपण ज्या मोठ्या कंपनीला माल देतो ना, त्यांना आपली गाडी निघाली का, त्यात काय भरलंय, हे थेट त्यांच्या कॉम्प्युटरवर बघायचंय. त्यांच्या मशीननं विचारायचं, आपल्या मशीननं उत्तर द्यायचं. वेब सर्व्हिस. तुम्ही क्लासला जाताय, तर करा तुम्हीच. हे चाललं की तुमचं पर्मनंटचं मी बघतो."

पर्मनंट! आमच्या पट्ट्यात या एका शब्दावर सोयरिकी जुळतात. कंत्राटी माणसाच्या गेटपासचा रंग वेगळा, कँटीनमधली रांग वेगळी, दिवाळीचा मिठाईचा पुडासुद्धा हलका. मी त्या दिवशी बसमधून घरी आले नाही, तरंगत आले.

मग सुरू झाली झोंबाझोंबी. प्रोग्रॅम लिहायचं सॉफ्टवेअर टाकलं तर ते उघडेना. उघडलं तर त्याला सर्व्हर सापडेना. सर्व्हर सापडला तर दोघांच्या आवृत्त्या जुळेनात. छत्तीस गुणांतला एक जुळायचा नाही. पडद्याच्या कडेला लाल फुल्याच फुल्या. एक उपटली की शेजारी दोन उगवायच्या, गाजरगवतासारख्या. शेवटी एका दुपारी चौकटीत चलनाचा नंबर टाकला आणि खाली उत्तर आलं, गाडी निघाली. मी भर ऑफिसात टाळी वाजवली.

साहेब धावत आले. "वा ताई, कमाल केलीत! सगळा फोल्डर माझ्याकडे पण द्या. बॅकअप असावा."

दिला. नुसता दिला नाही, "सर, कुठं काय आहे ते समजावून सांगू का?" असंही वर मीच विचारलं. चोराला दिवा धरायचाच, तर काच पुसून, तेल घालून धरावा, अशी माझी शिस्त.

एक काम तेवढं राहिलं होतं. चाचणीसाठी मी सर्व्हिसच्या पत्त्याच्या जागी 'लोकलहोस्ट' ठेवलं होतं, म्हणजे 'इथंच, याच कॉम्प्युटरवर'. आपल्या टेबलावर ते झकास चालतं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरला तोच पत्ता दिला तर तो बिचारा स्वतःच्याच घरात धुंडाळत बसतो. तिथं आमच्या सर्व्हरचा खरा पत्ता घालायचा आणि दसरा झाला की मोठ्या कंपनीला मी डेमो द्यायचा, असं ठरलं होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रांना विसावा. प्रेसला हार, लेथला हार, पान्यांनासुद्धा हळदकुंकू. मी माझ्या मॉनिटरला झेंडूची माळ घातली, कीबोर्डवर फूल ठेवलं.

"ताई, आज कशाला हात लावायचा नाही बरं का," साहेब म्हणाले. "प्रसाद घ्या आणि सुटा घरी."

त्यांचा लॅपटॉप बॅगेतच होता. मी करंडा घेऊन गेले, तर हसून म्हणाले, "अहो, हा घरचा आहे. याला कशाला?"

मी मान डोलावली. यंत्रानं विसावा घ्यायचा म्हणजे घ्यायचा. मी घरी जाऊन पुरण वाटलं.

दसऱ्यानंतर कामावर गेले तर टेबलावरचा फोन वाजला. मोठ्या कंपनीतली मुलगी होती. "मॅडम, परवा सरांनी येऊन डेमो दिला तेव्हा त्यांच्या लॅपटॉपवर छान चाललं. आता आमच्याकडून कनेक्टच होत नाहीये."

"कसला डेमो?"

"वेब सर्व्हिसचा. सरांनी बनवलीय ती. टायपिंग तुम्ही केलंत ना? काही अडलं तर तुम्हाला विचारा म्हणाले."

मी केबिनमध्ये गेले. "सर, डेमो झाला?"

"हां ताई, त्यांनी अचानक बोलावलं. त्यांचं ऑफिस कुठं खंडेनवमी पाळतं! तुम्हाला सणाचं कशाला ताणायचं म्हटलं. ते जरा कनेक्ट होत नाहीये, बघता का?"

"मी टायपिंग केलं म्हणालात?"

"अहो, बोलताना निघून जातं एखादं. तुम्ही-आम्ही काय वेगळे आहोत का?"

आता इथं कुणीही शहाणी बाई म्हणाली असती, आधी पर्मनंटची ऑर्डर, मग पत्ता. एका ओळीत साहेबांची मान अडकली होती आणि ती ओळ फक्त मला ठाऊक होती. पण आमची शहाणी काय करते? तिला वाटतं, मी दुरुस्त केलं की आपोआप कळेलच सगळ्यांना, काम कुणाचं ते. ती बसते, लोकलहोस्ट खोडते, खरा पत्ता घालते. लगेच फोन येतो, "मॅडम, चाललं! सरांना थँक्यू सांगा हं."

मी सांगितलं. खरंच जाऊन सांगितलं.

साहेबांना बढती मिळाली. पेढा मीही खाल्ला. आणि थंडी पडायच्या आत कंत्राटदाराचा निरोप आला: चलनं आता आपली आपण जातात, टाइप करायला माणूस लागत नाही.

"सर, माझं पर्मनंटचं?"

"मी शब्द टाकला होता ताई. पण ऑपरेटरची पोस्टच काढली वरून. मी तरी काय करणार?" मग प्रेमानं म्हणाले, "काही अडलं तर फोन करीन मात्र."

मी गेटपास जमा केला, डबा पिशवीत टाकला, आणि निघताना म्हणाले, "येते सर. सांभाळून घेतलंत इतके दिवस."

या वाक्यासाठी मी त्या बाईला अजून माफ केलेलं नाही. साहेबांना तरी बढती हवी होती. तिला काय हवं होतं?

साहेब शब्दाला पक्के. फोन केलाच त्यांनी. मी पोळ्या लाटत होते, आमचे हे दुसऱ्या शिफ्टला निघायच्या घाईत. "ताई, सर्व्हर बदललाय, आता काय करू?" मी खांद्यावर फोन दाबून सगळं सांगितलं. कुठली फाइल, कुठली ओळ, बदल केल्यावर पुन्हा काय चालू करायचं. तव्यावरची पोळी काळी ठिक्कर पडली तरी मी सांगतच होते.

"कोणाचा गं एवढा मोठा फोन?" यांनी डबा भरता भरता विचारलं.

"कुणाचा नाही," मी म्हटलं, "राँग नंबर."